बिनचूक डेडलॉक

त्या राज्यात भांडणं घरोघरची होती, पण त्यांना लावायचा शब्द साहेबाच्या भाषेतून आला होता: ‘डेडलॉक’. सरकारी अहवालात तो वापरायचे नियम कडक होते. पक्ष दोन हवेत, ताकद सारखी हवी आणि कोणीही तसूभर हललेलं नसावं.

राज्याचे लेखनिक काटेपंत जातीनं साळिंदर. स्वतःच्याच पाठीवरच्या काट्यांनी ते अहवाल लिहायचे. हा शब्द त्यांनी दोनदा चुकवला होता. एकदा नवरा-बायकोच्या रुसव्याला लावला, एकदा गाळात रुतलेल्या एकट्या हत्तीला. तिसऱ्या चुकीला पाठीवरचे सगळे काटे उपटून घेण्याचा हुकूम होता. पंतांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आणि नशीब उघडलं! पाण्यावर जायच्या एकुलत्या एका खिंडीत दोन रेडे समोरासमोर आले आणि आधी कोण जाणार यावरून शिंगांत शिंगं अडकवून उभे राहिले. मागे सगळं राज्य तहानेनं खोळंबलं. पंतांना मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्यांनी झोकात ‘डेडलॉक’ लिहून अहवाल धाडला. परीक्षक तिसऱ्या दिवशी पडताळणीला येणार होते.

दुसऱ्याच दिवशी काळा रेडा म्हणाला, “पंत, लई झालं. मी सरतो मागं. समदी तहानल्यात.”

“खबरदार! अहो, अहवाल गेलाय. तुम्ही सरलात की शब्द खोटा पडला. तुम्हा दोघांचीही नावं आहेत त्यात.”

नावं म्हटल्यावर भुरा रेडा खुलला. “माजं आदी हाय का याचं?”

पंतांनी सांगायचं टाळलं, आणि त्यावरून दोघं पुन्हा जुंपले.

रांगेत पंतांची बायकोही कोरड्या जिभेनं बसली होती. तिला तोंड दाखवायची त्यांना लाज वाटत होती. तरी त्यांनी रेड्यांच्या मागच्या पायांशी मोठाले दगड लावलेच. चुकून पाऊल मागं पडायला नको.

परीक्षक म्हणजे बगळा. तो वरून उडत आला, वाटेत तळ्यावर थांबून. त्याच्या चोचीवरच्या थेंबाकडे अख्खं राज्य बघत राहिलं. त्यानं पक्ष मोजले, शिंगं ढकलून पाहिली, खुरांखालची माती तपासली.

“बिनचूक!” तो म्हणाला. “इतका शुद्ध वापर माझ्या पाहण्यात नाही. हा नमुना म्हणून असाच राहू दे. सगळ्या खात्यांचे लेखनिक पाहून जाईपर्यंत कुणी हलायचं नाही.”

पंतांना प्रमाणपत्र मिळालं. त्यांनी पाठ चाचपली. काटे शाबूत होते. प्रमाणपत्र वाचून दाखवायला त्यांनी तोंड उघडलं, पण तहानेनं सुकलेल्या घशातून आवाज फुटेना. मग त्यांनी दौत उचलली, शाईचा एक घोट घेतला आणि दौत बायकोच्या हातात दिली. तिनं घोट घेऊन ती सशाकडे सरकवली, आणि खिंडीकडे तोंड करून बसलेलं सगळं राज्य उठून दौतीमागे रांगेत उभं राहिलं.