ड्यूक लुडोल्फचा न भाजलेला पाव

फार वर्षांपूर्वी, जर्मन मुलखात टेकडीगणिक एक राजा आणि ओढ्यागणिक एक ड्यूक असे, तेव्हाची ही गोष्ट. ड्यूक म्हणजे आपल्याकडचा संस्थानिक समजा. त्यातही वाइडनरोडचा ड्यूक लुडोल्फ अगदीच छोटा. त्याचं राज्य म्हणजे एक गाव, एक ओढा आणि अकरा सैनिक. न्याहारी करून निघालेला माणूस सगळ्या राज्याला फेरी मारून जेवायला घरी येई, असं म्हणतात.

गावात भट्टी एकच. शनिवारी तिच्यात सगळ्यांचे पाव भाजले जात. आधी कुणाचा नंबर यावरून भांडणं होत, म्हणून चिठ्ठ्या उचलायची रीत पडली. आणि एकदा चिठ्ठी उचलली की शेवटचा पाव भट्टीबाहेर येईपर्यंत कुणी कुणावर हात उगारायचा नाही, ही त्याहून जुनी रीत. लुडोल्फच्या वडिलांनी कधी चिठ्ठी उचलली नाही. त्यांचे पाव मानाने, छान तापलेल्या भट्टीत जात. लुडोल्फ मात्र गादीवर बसल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी बाह्या सारून रांगेत उभा राहिला. चिठ्ठी निघाली पहिली, म्हणजे थंड भट्टी. पाव वरून करपला, आतून कच्चा राहिला. ड्यूकने तो सगळ्यांसमोर चावून चावून खाल्ला, आणि त्या दिवसापासून गाव त्याच्यावर जीव टाकू लागलं.

पण शेजारच्या मोठ्या राजाच्या डोळ्यांत हे एवढंसं राज्य खुपत होतं. एका पावसाळी शनिवारी त्याचा जनरल क्राट्झ तीनशे शिपाई घेऊन चौकात येऊन ठाकला. ड्यूकच्या अकरा सैनिकांपैकी दोघं तर त्या वेळी कणीक मळत होते.

शिपाई नऊ दिवस चिखल तुडवत आले होते. पाठीवर पिठाच्या थैल्या होत्या, पण भट्टी कुठली? बिचारे पीठ पाण्यात कालवून पीत होते. भट्टी सांभाळणाऱ्या उर्सेल आजीने थैल्या पाहिल्या आणि तिला वाटलं, हे पाव भाजायलाच आलेत. तिने चिठ्ठ्यांची टोपली पुढे केली.

"उचला, साहेब. पण आमची रीत आधी ऐकून घ्या," ती म्हणाली.

जनरलने रीत ऐकली आणि तो हसला. आधी पाव खाऊ, मग राज्य घेऊ, त्यात काय मोठंसं. त्याने शब्द दिला, चिठ्ठी उचलली, त्याच्या मागून तीनशे शिपायांनीही शब्द देऊन उचलली. ड्यूकच्या वाट्याला सगळ्यात शेवटची आली.

तीन दिवस भट्टी पेटती होती. चौथ्या दिवशी सकाळी उरली फक्त ड्यूकची कणीक. जनरल कमरेचा पट्टा आवळून समोर आला.

"घाला आता तुमचा पाव, ड्यूकसाहेब."

हा पाव बाहेर आला की राज्य गेलं, हे गावातल्या पोराटोरांनाही कळत होतं. लुडोल्फने कणकेत बोट रुतवून पाहिलं. छान फुगली होती. तेवढ्यात उर्सेल आजी पुढे झाली आणि तिने मूठभर पीठ कणकेत टाकलं.

"नवं पीठ पडलं, सरकार. आता पुन्हा फुगू द्यायला हवी."

"ही लबाडी आहे," जनरल म्हणाला.

"रीत आहे, साहेब. न फुगलेली कणीक आमच्या भट्टीत जात नाही."

जनरलने मागे वळून पाहिलं. त्याचे शिपाई गरम पाव खात उभे होते, आणि शब्द तर सगळ्यांनीच दिला होता. तो भट्टीजवळच्या बाकावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी मोची मूठभर पीठ घेऊन आला, तिसऱ्या दिवशी पाद्रीबाबा. कणीक परातीत मावेना म्हणून पिंपात घातली, पिंपात मावेना म्हणून घोड्यांच्या हौदात. वरून कापून शिपायांना वाटली, तर खालून तेवढीच वर येई. चाळीस दिवस भट्टी एकाच मोळीवर जळली, असं म्हणतात. शिपाई नाचायला शिकले, तिसांची तर लग्नंही जुळली. बर्फ पडू लागलं तेव्हा राजाचा निरोप आला, लढाई झाली का? जनरलने उत्तर धाडलं, पाव व्हायचाय. राजाने कंटाळून फौज परत बोलावली. तीस जावई तेवढे मागे राहिले.

लुडोल्फने पुढे एक्केचाळीस वर्षं मजेत राज्य केलं. आपला पाव काही त्याला पुन्हा खाता आला नाही, म्हणून घराघरांतून पाळीने पाव येई. इतक्या चवींचा पाव कुठल्या सम्राटाने खाल्लाय, असं तो सगळ्यांना ऐटीत विचारी.

तो गेला तेव्हा गाव आधी रडलं आणि मग घाबरलं. कणकेचा धनीच गेला, आता पाव भाजावा लागणार, आणि तो बाहेर आला की राजाची फौज पुन्हा यायला मोकळी. त्याच दिवशी चौकात एक घोडागाडी थांबली आणि म्हातारा क्राट्झ काठी टेकत उतरला. लोक पटकन बाजूला झाले. तो हौदापाशी गेला, खिशातून पिशवी काढली आणि मूठभर पीठ कणकेत टाकलं.

"फुगेपर्यंत थांबायला हवं," तो म्हणाला, आणि बाकावर बसून डोळे पुसू लागला.

वाइडनरोडला आजही सुगीनंतरच्या एका शनिवारी ती भट्टी पेटते. सगळे चिठ्ठ्या उचलतात. शेवटची ड्यूकची, तिला कुणी हात लावत नाही. पाव भाजून झाले की ज्यांचं वर्षभर एकमेकांशी वाजलेलं असतं त्यांनी आधी, मग बाकीच्यांनी, त्या जुन्या कणकेत मूठ मूठ पीठ टाकायचं. मग भट्टीचं दार लावतात, आणि लढाई पुढच्या वर्षावर ढकलून सगळं गाव जेवायला बसतं.