कौलाळ्याचं शेवटचं पान

कौलाळ्याच्या चर्चमागे उंडीच्या झाडाखाली एक बसकट काळा धोंडा आहे. सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, सणाला गावजेवणाचा मांडव पडतो तो त्याच्याच भोवती. पाहुण्यांना वाटतं, सणाचा मानकरी त्यावर बसत असेल. मग बस्त्यावकाका हसतात.

"बसतो कुठला! डोकीला पंचा बांधून उष्टी पानं गोळा करतोय ना, तोच ह्या वर्षीचा मानकरी. मोठा डॉक्टर आहे. माझा पुतण्या," काका म्हणतात, पण त्या बाजूला बघत नाहीत. आणि कोणी विचारण्याआधीच गोष्ट सुरू करतात.

फार वर्षांमागे, म्हणे, हा धोंडा कैतान पाटलाची बैठक होती. गाव मातीवर बसायचं, कैतान धोंड्यावर, आणि पहिलं पान त्याचं. माणूस दिलदार, अडल्यानडल्याला धावणारा, पण मानाला हपापलेला. एका सणाला त्याला यायला उशीर झाला. पानं वाढून झाली होती. त्याचा धाकटा भाऊ इनास मळ्यातून थेट आलेला, पोटात कावळे ओरडत होते. रिकामी जागा दिसली आणि बिचारा धोंड्यावर बसला. पहिला घास उचलला, तोच कैतान आला.

"ऊठ," कैतान म्हणाला. सगळ्या गावासमोर.

इनासनं घास परत पानात ठेवला आणि उठला. अरे, भरल्या पानावरून वैऱ्यालाही कोणी उठवत नाही, हा तर पाठचा भाऊ! त्याच दिवशी इनास बायकामुलांना घेऊन खाडीपलीकडे सासुरवाडीला गेला, तो सात वर्षं फिरकला नाही. कैतान दरवर्षी कोणाकरवी तरी सणाचं आवतण धाडायचा. इनासचा निरोप एकच, "उठवलेल्याला परत बसवायचं नसतं." आणि दरवर्षी कैतान पहिलं पान अर्धवट टाकून उठायचा. चूक कळत होती, पण ती कबूल करायला जीभ रेटत नव्हती.

प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी चर्चमध्ये पाद्री बारा जणांचे पाय धुतात. त्या बारांत कैतान हटकून असायचा. घरूनच काथ्यानं टाचा घासून, पायांना तेल लावून यायचा. सातव्या वर्षी म्हातारे पाद्री त्याच्यापुढे गुडघे टेकून बसले. त्यांनी पाय हातात घेतला आणि हळूच म्हणाले, "कैतान, धुवायला काही ठेवलंच नाहीस रे. मी कशाला वाकलो?"

 पुढे सणाचा दिवस आला. पहिलं पान मांडलेलं, गाव वाट बघतंय, आणि कैतान आला तो डोकीला पंचा आणि हातात पाटी घेऊन. धोंड्यावर त्यानं पाटी ठेवली. पंगत उठली तशी एकेक उष्टं पान उचलू लागला. गडीमाणसांचीही उचलली. कोणी हसलं, कोणी हात धरला. तो थांबला नाही.

बातमी खाडी ओलांडून गेली. इनासला खरं वाटेना. होडी काढून तो बघायला आला. शेवटची पंगत चालली होती. कैताननं भावाला पाहिलं, धोंड्यावरची पाटी उचलून घेतली, धोंडा पंच्यानं पुसला आणि त्याच्यापुढे पान मांडलं. इनास बसला. कैतान समोर पाटी घेऊन उभा.

"दादा, उठू का?" इनासनं विचारलं.

"नको रे. मी चुकलो. तुझं पोट भरेपर्यंत बस, मी उभा आहे."

इनास जेवला म्हणे, तो दिवस कलेपर्यंत! सात वर्षांचा राग, एका ताटात कसा संपणार? वाढपी थकले, कैतान हलला नाही. शेवटी इनास उठला. पान उचलायला कैतान वाकला, तसं पानाचं दुसरं टोक इनासनं धरलं. दोघंही रडत होते, लाज न बाळगता.

तेव्हापासून कौलाळ्यात मानकरी म्हणजे उष्टी काढणारा. आणि शेवटचं पान त्यानं अशा माणसाला वाढायचं, ज्याच्याशी त्याचा अबोला आहे. तो जेवेपर्यंत उभं राहायचं आणि मग पान दोघांनी मिळून उचलायचं.

"आणि मानकऱ्याचं कोणाशीच भांडण नसेल तर?" पाहुण्यांतली एक बाई विचारते.

"असा माणूस कौलाळ्यात अजून जन्माला यायचाय," काका म्हणतात.

तेवढ्यात डॉक्टर समोर येऊन उभा राहतो. कपाळावर घाम, पाटी काठोकाठ. बांधावरच्या फणसापायी काका-पुतण्यांत तीन वर्षं शब्द नव्हता, हे गावाला ठाऊक आहे, पाहुण्यांना नाही.

"काका," तो म्हणतो, "पान मांडलंय."

काका काठी टेकून उठतात, पाहुण्यांना म्हणतात, "चला, माझं बोलावणं आलं," आणि धोंड्यावर जाऊन बसतात.

आजही शेवटच्या पानाला घाई करायची नाही, असा कौलाळ्याचा रिवाज आहे. काका पहिला घास घेतात, सावकाश चावतात आणि वर बघून पुतण्याला म्हणतात, "भात आण अजून. तीन वर्षांचा उपाशी आहे मी."