सडा कुठपर्यंत घालायचा?

एकदा एक नोटीस एका गल्लीत आली आणि तिथल्या शहाण्यासुरत्या माणसांची मती गुंग झाली. फाल्गुनाचे दिवस होते. गल्लीच्या मध्यावर उभ्या असलेल्या जुन्या करंजाने पाने टाकायला सुरुवात केली होती. करंज एकदा पाने टाकू लागला की हातचे राखून टाकत नाही. सकाळी झाडलेली जागा दुपारी पुन्हा पिवळी होते.

नोटीस नगरपालिकेची होती. वसंत ऋतूत नागरिकांनी घराबाहेर कोणती कर्तव्ये पाळावीत, ते तीत सांगितले होते. प्रत्येक रहिवाशाने आपल्या हद्दीतील पाला रोज झाडावा. तो जाळू नये, गटारात लोटू नये, रस्त्यात त्याचा ढीग करू नये आणि घंटागाडीतही टाकू नये. मग त्याचे करावे काय? ते बहुधा नोटीस लिहिणाऱ्यालाही सुचले नसावे. शेवटचे वाक्य मात्र लख्ख होते. पाडव्याच्या आदल्या दिवशी निरीक्षक येतील आणि गटार पाल्याने तुंबलेले दिसल्यास करंज तोडण्यात येईल.

त्या करंजाखाली तुळसाक्कांची इस्त्रीची गाडी होती. बावीस वर्षे. कोळशाची इस्त्री, पुढ्यात कपड्यांची चळत आणि डोक्यावर करंजाची सावली, एवढाच त्यांचा संसार. नोटीस वाचून दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "हातात निखारे हायतच. आता डोक्यावर पण घेऊ म्हणता? ह्या झाडाबिगर वैशाखात मी एक दिवस उभी राहायची नाही." गाडीभोवतीचा पाला त्या रोज झाडत. पण अख्ख्या गल्लीचे गटार एकट्या बाईने कसे सांभाळावे?

ही गोष्ट दिगंबर नावाच्या तरुणाच्या मनाला फार लागली. गल्लीत तात्या नावाचे एक वृद्ध मोजणीदार राहत. चाळीस वर्षे त्यांनी सरकारी खात्यात साखळी ओढून शेतांच्या आणि घरांच्या हद्दी मोजल्या होत्या. दिगंबर त्यांच्याकडे मोजणीची विद्या शिकत होता. त्याने नोटिशीची प्रत घेतली आणि दारोदार विचारत निघाला, "तुमची हद्द कुठपर्यंत?"

पोपटशेठ किराणावाले तात्यांचे शेजारी. ते म्हणाले, "माझी? ही काय, पायरी संपली की संपली. पान झाडाचं, झाड नगरपालिकेचं. मग पान कुणाचं, तूच सांग!"

त्यांच्या पलीकडे गाडगीळ वकीलबाई राहत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "नोटिशीत 'हद्द' या शब्दाची व्याख्या नाही. व्याख्या नाही तिथे जबाबदारी नाही."

प्रत्येक दारी हेच उत्तर मिळाले. दिगंबर चक्रावून गेला. तो तात्यांकडे येऊन म्हणाला, "तात्या, तुम्ही नकाशा काढा आणि प्रत्येकाची हद्द मोजून द्या. म्हणजे पळवाटच उरणार नाही."

"मोजून काय होईल?" एवढेच तात्या म्हणाले, आणि त्यांनी कोपऱ्यातला खराटा उचलून त्याची दोरी घट्ट करायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी आपले दार झाडले आणि ते थांबले नाहीत. पोपटशेठच्या दारापुढची बरोबर चार फूट जागाही झाडली, गटारावरची फरशी उचलून खालचा पाला काढला, आणि तेवढ्यावर स्वच्छ सडा घातला. सुक्या धुळीत ओल्या सड्याची कड अशी सरळ उमटली की जणू साखळी धरूनच घातलेली.

पोपटशेठ दात घासत बाहेर आले ते तसेच उभे राहिले. "तात्या, हे काय?"

"झाडतोय."

"ते दिसतंय हो! पण इथं का?"

"झाडावंसं वाटलं."

तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशीही तेच. पोपटशेठचे जेवणावरून मन उडाले. दुसरा कोणी असता तर त्यांनी हसून सोडून दिले असते. पण हा मोजणीदार! हा विनाकारण चार फूट पुढे का सरकेल? याला नकाशातले काही ठाऊक असणार. ते वकीलबाईंकडे गेले.

"बोट दिलं की हात धरतात, शेठ," वकीलबाई गंभीरपणे म्हणाल्या. "आज झाडू, उद्या तुळशीची कुंडी, परवा कुंपण. याला वहिवाट म्हणतात. तळं राखील तो पाणी चाखील." कायदा खरोखर असा आहे का, हे मला विचारू नका, मी वकील नाही. पण वहिवाट हा शब्द आपल्याकडे कानावर पडला की माणसाची झोप उडते, एवढे मी पाहिले आहे.

पाचव्या दिवशी तात्या खराटा घेऊन बाहेर आले तो पोपटशेठचे दार झाडून, सडा घालून तयार! आणि सावधगिरी म्हणून शेठनी वकीलबाईंच्या दारापुढची दोन फूट जागाही ओली केली होती. वकीलबाईंनी ते गच्चीवरून पाहिले. सल्ला देताना माणूस वेगळा असतो आणि स्वतःच्या दारात वेगळा. सहाव्या दिवशी त्यांची बादली सर्वांच्या आधी वाजली आणि त्यांचा सडा पुढच्या घरात तीन फूट शिरला. आठ दिवसांत सगळी गल्ली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओली दिसू लागली. गटारावरची फरशी आपल्याच ताब्यात आहे हे दाखवायला लोक ती रोज उचलून खाली हात घालू लागले. तात्या पाला परसातल्या खड्ड्यात नेऊन टाकतात, त्या अर्थी पाल्यात काहीतरी फायदा असणार, म्हणून प्रत्येकाने परसात खड्डा खणला. ज्या पाल्याचा काल कोणी धनी नव्हता, त्यासाठी आज बायका एकमेकींना म्हणत, "आमच्या दारातला पाला आम्हांलाच, हं!"

गल्ली स्वच्छ झाली, पण मने कशी म्हणावीत? पोपटशेठ आणि वकीलबाई बोलेनासे झाले. आणि सगळ्यांचा राग मिळून तात्यांवर. "म्हातारपणी जमिनीची हाव सुटली," असे लोक उघड म्हणू लागले. दिगंबरला ते ऐकवेना. ज्यांना गुरू मानले त्यांना असे कसे सुचले? झाड वाचत होते म्हणून आनंद मानावा की गुरू घसरले म्हणून रडावे, हे त्याला उमजेना. विचारावे तर तात्या म्हणत, "आज माझ्या दारात फार पाला पडला, नाही?"

पाहणीला दोन दिवस उरले असता संध्याकाळी भांडण विकोपाला गेले. एका बादलीला दुसऱ्या बादलीचा धक्का लागला आणि सगळी गल्ली तात्यांच्या ओट्यापुढे जमली.

"काढा नकाशा!" पोपटशेठ गरजले. "होऊन जाऊ द्या एकदाचा सोक्षमोक्ष. कुणाची हद्द कुठपर्यंत?"

तात्यांनी सर्वांकडे पाहिले. करंजाखाली गाडी आवरत असलेल्या तुळसाक्कांकडेही पाहिले. मग ते आत गेले, नकाशा घेऊन आले आणि ओट्यावर पसरला.

"तुम्ही पहिल्या दिवशी दिगंबरला सांगितलंत तेच खरं. सगळ्यांची हद्द पायरीपाशी संपते. पुढची तसूभरही जागा कुणाची नाही. सगळा रस्ता गावाचा आहे. आणि झाडू मारल्यानं तो कुणाचा होणार नाही. माझाही नाही."

सगळे नकाशावर वाकले. मग पोपटशेठ हळूच म्हणाले, "म्हणजे... आम्ही इतके दिवस फुकट झाडलं?" कोणी हसले, कोणी चरफडले, आणि सगळे आपापल्या घरी गेले.

दिगंबरचा मात्र तोल सुटला. "तात्या, हे काय केलंत? अजून दोनच दिवस गप्प राहिला असतात तर झाड वाचलं असतं! आता उद्या कोण झाडणार आहे?"

"मला हद्द विचारली, दिगंबर. चाळीस वर्षांत खोटी हद्द मी कुणाला दाखवली नाही."

"मग ते चार फूट?"

"ते मी झाडले. माझे आहेत असं कधी म्हणालो? पण त्यांना तसं वाटू दिलं, हेही खरं." तात्या नकाशाची घडी घालू लागले. "ऐक. माणसाला आपली हद्द दोनदाच आठवते, घेताना आणि टाळताना. घेताना ती रस्त्याच्या मध्यापर्यंत जाते, टाळताना उंबऱ्याच्या आत येते. सगळ्या नोकरीत मी खरं मोजलं ते एवढंच. टाळणाऱ्याला उपदेशानं घराबाहेर काढता येत नाही, म्हणून मी लोभाला हाताशी धरलं. पण लोभानं झाडलेली जागा लोभ संपला की पुन्हा भरते. आता प्रश्न एवढाच, की पंधरा दिवस स्वच्छ दार पाहून त्यांच्या डोळ्यांना काही गोडी लागली की नाही."

"नसली लागली तर?"

"तर माझा डाव फसला. मला तुळसाक्कांच्या पाया पडून क्षमा मागावी लागेल. मला ठाऊक नाही रे." त्यांनी नकाशा बाजूला ठेवला. "एक विचारू? या पंधरा दिवसांत तू किती झाडलंस?"

दिगंबरने मान खाली घातली. नोटीस त्याने पाठ केली होती, हद्दी विचारल्या होत्या, गुरूवर चिडला होता. खराट्याला हात मात्र लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गल्ली कोरडी होती. एकही बादली वाजली नाही. करंजाने त्या दिवशी जणू सूड उगवावा तशी पाने टाकली. दिगंबर, तात्या आणि तुळसाक्का तिघेच वाकून वाकून झाडत राहिले. दुपारपर्यंत अर्धे गटार पुन्हा भरले. तुळसाक्का पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "असू दे, लेकरा. लई केलंस." आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी भर दुपारी इस्त्रीतले निखारे विझवले. दिगंबरला रडू आले.

पाहणीच्या दिवशी उजाडताच तो खराटा घेऊन बाहेर आला, तेव्हा पोपटशेठ आपल्या पायरीवर उभे होते. हातात खराटा, चेहऱ्यावर गोंधळ. ते एकदा रस्त्याकडे पाहत, एकदा खराट्याकडे.

"मेली खोड लागली," ते पुटपुटले. "काल दिवसभर दारातली ती घाण बघवेना. जेवण गोड लागेना." त्यांनी झाडायला घेतले आणि चार हात जाऊन थबकले. "पण दिगंबर, आता थांबायचं कुठं? आधी रेघ असायची. आता रेघच नाही!"

दिगंबरचा खराटा थांबला नाही. "मलाही कळत नाही, शेठ. मी आपला पाला दिसतोय तोवर झाडतोय."

शेठनी क्षणभर विचार केला आणि ते झाडत निघाले, वकीलबाईंच्या दारावरून, तसेच पुढे. त्या आवाजाने वकीलबाई खिडकीत आल्या. "शेठ, माझ्या दारात कशाला?" त्या सवयीने ओरडल्या, आणि मग त्यांचे त्यांनाच हसू आले. थोड्या वेळाने त्या बादली घेऊन खाली उतरल्या. मग तिसरे दार उघडले. सगळी नाही उघडली. पण गटार मोकळे करायला तेवढी पुरली.

निरीक्षक दहा वाजता आले. त्यांनी फरश्या उचलून पाहिल्या, करंजाभोवती फेरी मारली आणि हातातला कागद सरळ केला. "ठीक आहे. झाड राहू द्यायला हरकत नाही. पण इथली जबाबदारी कुणाची, तेवढं एक नाव लिहावं लागेल. ही जागा कुणाची?"

 दिगंबरने तात्यांकडे पाहिले. तात्या ओट्यावर डोळे मिटून बसले होते.

पोपटशेठ घाम पुसत पुढे झाले. "साहेब, जागा माझी नाही," ते म्हणाले. "पण झाडतो मी. लिहा माझं नाव."