गडावरच्या टाक्याची सावड

शके सतराशे अडुसष्टचा वैशाख होता. रानातल्या ओसाड गडावर एक जुनं दगडी टाकं होतं. त्याच्या भिंतीत उंबराची मुळं घुसली होती आणि पाणी झिरपून चाललं होतं. टाकं सगळ्या रानाचं, म्हणून दरसाल सगळ्यांनी मिळून ते दुरुस्त करायचं, असा रिवाज होता. म्हातारं साळिंदर सभेत हेच सांगून थकलं.

"आजोबा, यंदा वाघोबा येणार आहेत. आधी त्यांच्या स्वागताची कमान उभारू," वानर म्हणालं.

"मी ओढ्यावर पितो. टाक्यासाठी मी का खपू?" रानडुक्कर गुरगुरलं.

"कमान पिणार आहात का रे?" साळिंदर वैतागलं. सगळे हसले आणि पानं तोडायला गेले.

साळिंदरानं पलीकडच्या डोंगरावरच्या साळिंदरांकडे सावड मागितली. "आज तुम्ही आमच्याकडे राबा. मग आमचं सगळं रान तुमच्या तळ्यातला गाळ काढायला येईल." त्या शब्दावर ती आली. त्यांनी मुळं कुरतडली, भेगा चिखलानं बुजवल्या.

ज्येष्ठात ओढा आटला. सगळं रान टाक्यावर धावलं. पायरीवर साळिंदर काटे फुलवून बसलं होतं.

"आजोबा, सरका. पिल्लं तहानलीत."

"पिल्लांना पाजा, तुम्हीही प्या. पण हे पाणी उसन्या कष्टांनी राहिलंय. पलीकडच्या साळिंदरांना त्यांच्या तळ्यातला गाळ काढून देऊ, असा सगळ्यांच्या वतीनं मी शब्द दिलाय. तो एकट्यानं फिटत नाही, आणि खोटा ठरून मी मरणार नाही."

रानडुकरानं मान खाली घातली. "गाळ मला उपसता येतो," ते पुटपुटलं.

दुसऱ्या दिवशी सगळं रान पलीकडच्या डोंगरावर गेलं आणि तळं साफ होईपर्यंत राबलं. सावड फिटली.