टिटवीच्या टांगा

विषय: टिटवीच्या मुलीस शाळेत चिडवले जात असल्याबाबत.
संदर्भ: टिटवीबाईंनी मुख्याध्यापकांना दिलेला अर्ज.

वरील विषयाची हकीकत अशी, की एका तळ्याकाठी रानातल्या पोरांची शाळा होती. मुख्याध्यापक होते घुबड. शाळा दिवसा भरे आणि त्यांना दिवसा दिसत नसे. एरवी गृहस्थ फार अनुभवी. वर्गावर बगळे गुरुजी होते. ते एका पायावर उभे राहून, डोळे मिटून शिकवत. म्हणजे शाळेत जबाबदार असे दोघेच. एकाला दिसत नसे आणि दुसरे बघत नसत.

या शाळेत टिटवीची मुलगी जाऊ लागली. आभाळ कोसळलंच तर झेलता यावं म्हणून टिटव्या पाय वर करून झोपतात, असं रानात सगळेच म्हणत. त्यावरून वानराच्या पोराला एक गंमत सुचली. टिटवी वर्गात शिरली की तो ओरडायचा, "आभाळ कुणी धरलंय?"

आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "टिटवीच्या टांगांनी!"

पाढे म्हणताना या वर्गाचा असा सूर कधी लागला नव्हता.

टिटवी पाय पोटाखाली घेऊन बसू लागली. उत्तर येत असलं तरी उठेना. उभं राहिलं की टांगा दिसणार. एक दिवस घरी येऊन म्हणाली, "आई, मी उद्यापासून शाळेत जाणार नाही."

आईने सगळं नीट ऐकून घेतलं. "सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही. मी अर्ज देते. तुझ्या शेजारी कोण बसतं गं?"

"खार."

"आणि ती काय करते?"

टिटवीने पाय आणखी पोटाखाली ओढले. "तीही म्हणते."

"मग तुला काय वाटतं ते तिला एकदा सांग तरी."

अर्जाला उत्तर लगेच आले. 'काल रात्री शाळेची प्रत्यक्ष पाहणी केली असता कोणीही कोणास चिडवताना आढळले नाही. तथापि चौकशी चालू आहे.'

मधल्या सुट्टीत खार शेंगदाणे खात होती. टिटवी म्हणाली, "तू पण म्हणतेस ना?"

"मी? मी तर अगदी हळू म्हणते!"

"बाकीच्यांचं लांबून येतं. तुझं कानात येतं."

खारीच्या हातातला दाणा हातातच राहिला. "पण मी गप्प बसले आणि त्याने माझ्या शेपटीवर काही जुळवलं तर?"

"तर मी म्हणणार नाही."

दुसऱ्या दिवशी वानर ओरडला, "आभाळ कुणी धरलंय?" वर्ग ओरडला खरा, पण सुरात एक फट राहिली. खारीने ओठ घट्ट मिटले होते. ते पाहून ससा अर्ध्यातच थांबला. पुढे मुंगूस थांबलं, मग साळिंदर. शेवटी एके सकाळी वानराने विचारलं आणि कोणीच काही बोललं नाही. तो वाट बघत राहिला. मग स्वतःच बारीक आवाजात म्हणाला, "टिटवीच्या टांगांनी." आपणच विचारायचं आणि आपणच सांगायचं, यात फारशी मजा नसते.

आता सशाला चेव आला. तो ओरडला, "वर्गात बावळट कोण?"

सगळे टिटवीकडे बघू लागले. 'वानर!' हे उत्तर तिच्या अगदी चोचीशी आलं होतं. वानर मान खाली घालून शेपटी घट्ट धरून बसला होता. त्याने पायही पोटाशी घेतले होते. असं कोण बसतं, ते टिटवीला ठाऊक होतं.

ती उठली. लांब टांगांवर पूर्ण उंच उभी राहिली.

"गुरुजी, कालच्या प्रश्नाचं उत्तर मला येतं. सांगू?"

बगळे गुरुजींनी डोळे उघडले. अशी घटना त्या शाळेत प्रथमच घडत होती. "सांग बाळ," ते म्हणाले.

उत्तर बरोबर होतं.

तात्पर्य: चिडवणारा एकच असतो, पण त्याचं चालतं साथ देणाऱ्यांच्या जिवावर. म्हणून ज्याला त्रास होतो त्याने तो बोलून दाखवावा, आणि शेजारच्याने हळू आवाजातसुद्धा साथ देऊ नये.

टिटवीबाईंचा अर्ज अद्याप मुख्याध्यापकांच्या विचाराधीन आहे.