गुरुवारची उघडीप

“बुवा, गुरुवारी पाऊस पडेल का हो?”

हे मी विचारलं. मी! ज्याचा फळा वाचल्याशिवाय अख्खं शहर दोरीवर कपडा टाकत नाही, तो तातू छत्रीवाला. अख्खं म्हणजे आमची तळेआळी. त्यातही फक्त समोरची ओळ. आमच्या ओळीतले मला ओळखून आहेत.

शाळा माझी चौथीत सुटली, पण अक्षर झकास. पावसाळ्यात दर रविवारी दुकानाबाहेर आठवड्याचं हवामान लिहितो. सोमवार: स्टँडाकडे धो धो, तळ्याकडे रिपरिप. मंगळवार: दुपारनंतर वारा, टोप्या सांभाळा. बुधवार: कोर्टाजवळ विजा, वकिलांनी खरं बोलावं. लोक वाचतात, हसतात आणि मोडक्या छत्र्या माझ्याकडे टाकून जातात.

गोसावीबुवा तळ्याकाठच्या मठात एकटेच राहतात. ते कमी बोलतात, मी जास्त बोलतो. म्हणून आमचं जमतं.

“फळ्यावर काय लिहिलंयस?” वाती वळता वळता बुवांनी विचारलं.

“गुरुवार, दिवसभर उघडीप.”

“मग झालं तर.”

“अहो, पण ते मीच लिहिलंय ना!”

“कशावरून लिहिलंस?”

मी वळलेल्या वाती मोजायला लागलो.

“तातू.”

“गुरुवारी माझं दुकान बंद असतं. त्या दिवशी पाऊस पडून मला काय उपयोग?”

बुवांच्या हातातली वात थांबली.

मग सगळंच ओकलो. माझ्या समोरच्या घरातली द्वारकाबाई, सकाळी घावणे विकते ती. तिची मुलगी बाळंतपणाला आलीय, बाळ बारा दिवसांचं. गेल्या आठवड्यात वानरांनी तिच्या छपरावर धुडगूस घातला आणि एका बाजूची कौलं फोडली. पाळणा तीनदा हलवला, तर गळती त्याच्या मागोमाग. कौलं बदलणारे गडी भर पावसात कुठले मिळायला? तेव्हा बाईनं ठरवलं, गुरुवारी पदर खोचून आपणच चढायचं, ती अख्खी बाजू उतरवायची आणि नवी कौलं घालायची.

का? तर तातूच्या फळ्यावर उघडीप आहे.

“तिला खरं सांगून टाक.”

“सांगितलं हो! म्हटलं, बाई, मी थाप मारली. तर म्हणते, ‘भावजी, चेष्टा पुरे.’”

बुवा हसले. दात दोनच, पण हसू तोंडभर.

“हसता काय? बाळ भिजलं तर?”

बुवा उठून मागच्या पडवीत गेले. मला वाटलं, अंगारा आणतील. आणली शिडी.

“गुरुवारी तू चढ.”

“मी? अहो, स्टुलावर उभा राहिलो तरी मला गरगरतं!”

“मी धरतो.”

गुरुवार उजाडला तो लख्ख. आभाळ असं धुतलेलं, की मलाच माझा अभिमान वाटायला लागला. मी छपरावर, बुवा शिडीला, द्वारकाबाई खालून एकेक नवं कौल वर देतेय.

मी एक फुटकं कौल काढलं. आभाळाकडे पाहिलं. नवं बसवलं. दुसरं काढलं. आभाळाकडे पाहिलं. नवं बसवलं.

दहा कौलं होईस्तोवर बाईचा धीर सुटला.

“भावजी, हे काय गोगलगाईसारखं? अख्खी बाजू मोकळी करा की! आज कोरडा दिवस आहे.”

“कोण म्हणतं?”

“तुम्हीच!”

“त्या माणसावर विश्वास ठेवू नका, बाई.”

“बघा हो बुवा, वर चढले तरी यांची चेष्टा सुटत नाही!”

बुवांना हसू आवरेना. ते हसले की शिडी हलायची, शिडी हलली की छपराचा वासा करकरायचा, आणि वासा करकरला की मी आडवा होऊन कौलांना मिठी मारायचो. समोरची ओळ दारात उभी राहून बघत होती. आमची ओळ खुर्च्या घेऊन बसली होती.

दुपार झाली. तळ्यापलीकडचा डोंगर दिसेनासा झाला.

शेवटचं कौल तेवढं काढलेलं. खालच्या भोकातून पाळणा दिसत होता, बाळाची मूठ दिसत होती. नवं कौल असं दडपलं, की माझं बोटही त्याच्याखाली राहिलं. बोट ओढून काढतोय तोवर आला. रिपरिप नाही, काही नाही, एकदम धो धो.

आत थेंब नाही. बाळ झोपेतून हललंसुद्धा नाही. भिजलो तो मी, आणि शिडी सोडली नाही म्हणून बुवा.

द्वारकाबाईनं पडवीत गरम घावणे वाढले. माझ्याकडे बघेना. मग हळूच म्हणाली, “भावजी, ती खरंच थाप होती?”

मी ताटाकडे बघत मान डोलावली.

तिनं माझ्या ताटात आणखी एक घावणं टाकलं आणि आत गेली.

चहा पोटात गेला तसा मी पुन्हा तातू झालो.

“पाहिलंत बुवा? अंदाज साफ चुकला, पण घर कोरडं! आहे की नाही अस्सल हवामानवाला? बरं, उद्याला फळ्यावर ‘मुसळधार’ लिहिलंय. तेच ठेवू, की बदलू?”

बुवांनी दोन्ही हातांनी दाढी पिळली.

“उद्या कुणाच्या छपरावर आहेस?”