चौथी पुरवणी

"…मग माझं चुकलं कुठे, बाबा? तेवढं सांगा."

प्राध्यापक खरवंडीकरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. दर्ग्याच्या ओट्यावर म्हातारे लतीफबाबा डोळे मिटून बसले होते.

खरवंडीकर मानसशास्त्र शिकवायचे. पन्नास प्रश्नांचा एक तक्ता भरून घेतला, की कोणतं पोर परीक्षेला कसं तोंड देईल हे आधीच सांगून मोकळे. या कामात त्यांचा हात कोणी धरत नसे, आणि तसं ते स्वतःच सांगत.

"त्या हरवलेल्या पोरीबद्दल, निवेदिताबद्दल काय लिहिलं होतंस?"

"धीट. शांत. ताण घेणार नाही. तिच्या वडिलांनाही म्हटलं, निर्धास्त राहा."

"मग?"

"शेवटच्या पेपरला वर्गावर मीच होतो. बाकीची पोरं पेन चावत बसलेली, आणि हिने चार पुरवण्या घेतल्या, बाबा! मला अभिमान वाटला. पेपर सुटला, ती बाहेर पडली, आणि…"

आणि वसतिगृहावर पोचलीच नाही. त्याला आता एकवीस दिवस झाले होते. बाप रोज कॉलेजच्या फाटकाशी येऊन बसतो. खरवंडीकर हल्ली मागच्या दाराने ये-जा करतात.

"पोलिसांनी तिची उत्तरपत्रिका मागितली. गठ्ठा मीच सोडला. चारही पुरवण्या दोऱ्याने नीट बांधलेल्या… आणि कोऱ्या. एक अक्षर नाही! लिहायचंच नव्हतं, तर मागितल्या कशाला? कसला स्वभाव म्हणायचा हा?"



बाबांनी सावकाश उजवा हात वर केला, आणि तसाच धरून ठेवला.

बावीस वर्षांची सवय ती. खरवंडीकर बोलता बोलता उठले, लगबगीने बाबांपाशी गेले आणि खाली वाकले.

"पुरवणी?"

शब्द तोंडातून गेला मात्र, ते तिथेच मटकन बसले. एवढा शहाणा माणूस, पण पोरासारखा हुंदके देऊन रडला.

"मी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, बाबा… पुरवणीवर सही करायची असते ना. मी खाली बघत होतो."

बाबांनी हात खाली घेतला. त्यांचेही डोळे भरून आले होते.

"चार वेळा, बेटा… चार वेळा बोलावलं तिने तुला."